पाचारण घरात बसून ओळखता येत नाही

वसईच्या एका चोवीस वर्षांच्या मुलीचा प्रश्न आहे. ती पुण्यात नोकरी करते. जानेवारीत ती तपसाधनेला, म्हणजे रिट्रीटला, गेली होती. त्यानंतरच्या रविवारी मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, बायबलमधल्या बाळ शमुवेलाला देवाने हाक मारल्याचं वाचन आलं आणि ते आपल्यासाठीच आहे असं तिला वाटलं. तेव्हापासून सिस्टर व्हावं हा विचार मनातून जात नाही. त्याआधी दोन-तीन महिन्यांपूर्वी तिचं एक नातं तुटलं होतं. घरी स्थळं येताहेत. मम्मीला नुसतं सुचवून पाहिलं तर ती रडायला लागली, पप्पा गप्प झाले. शिक्षणाचं कर्ज अजून फिटायचं आहे आणि धाकटा भाऊ कॉलेजात आहे. ती विचारते, "हे देवाचं पाचारणच आहे याची खात्री कशी करू? आणखी एखादी खूण मागू का? आणि खात्री होईपर्यंत घरी काय सांगू?"

मला सिस्टर होऊन चौतीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं माझ्याकडे नोव्हिस, म्हणजे सिस्टर होण्याची तयारी करणाऱ्या, मुलींची जबाबदारी होती. आता मी मुख्यतः तरुण मुलामुलींना अशाच प्रश्नांत सोबत करते. तू माझ्या नोव्हिस मुलींच्या वयाची आहेस, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

तू खात्रीबद्दल विचारलंस, पण तुझा मजकूर दोनदा वाचल्यावर मला वेगळीच अडचण दिसली. तू मनात एक क्रम लावून ठेवला आहेस: आधी पक्की खात्री, मग घरच्यांशी बोलणं, मग पहिलं पाऊल. या क्रमाने गेलेली एकही सिस्टर मला माहीत नाही. मीही तशी गेले नाही. पहिलं पाऊल टाकताना माझ्याजवळ एक ओढ होती आणि बरीच भीती होती. खात्री म्हणावी असं काही आलं ते नोव्हिशिएटच्या, म्हणजे त्या तयारीच्या काळाच्या, दुसऱ्या वर्षी, तेही रोजची कामं करताना, हळूहळू.

चर्चलाही तुझ्याकडून आज खात्री नको आहे. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, काय म्हणतो ते बघ. संस्थेत गेल्यावर आधी उमेदवारीचा काळ असतो, तो संस्थेप्रमाणे कमीजास्त. मग नोव्हिशिएट, किमान बारा महिन्यांचं आणि ठरवलेली मुदत दोन वर्षांच्या पुढे नाही. फार तर निर्णयासाठी सहा महिने वाढवून मिळतात. या काळात नोव्हिस कधीही घरी जाऊ शकते, कोणी अडवू शकत नाही. मग ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन ही पहिली व्रतं, तीही तात्पुरती: किमान तीन वर्षं, साधारण सहापर्यंत आणि कितीही लांबली तरी एकूण नऊच्या पुढे नाहीत. कायमची व्रतं त्यानंतर. म्हणजे आज तू दार वाजवलंस तरी "आता आयुष्यभरासाठी" असं म्हणायची वेळ यायला बरीच वर्षं आहेत. एवढा काळ चर्चने ठेवला कारण पाचारण ओळखायला एवढा काळ लागतो, हे चर्चला अनुभवाने कळलं आहे. आणि या काळात ओळखण्याचं काम तू एकटी करत नसतेस, संस्थाही तुला पाहत असते. तुझं "हो" आणि त्यांचं "हो" जुळलं तरच ते पाचारण.

आता त्या शमुवेलाच्या वाचनाबद्दल. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. नाताळचा काळ संपला की सामान्य काळाच्या दुसऱ्या रविवारी, तीन वर्षांतून एकदा, ते वाचन येतं. त्या दिवशी तू जे ऐकलंस तेच नंदाखालला ऐकलं गेलं, मनिलाला ऐकलं गेलं, पोलंडमध्येही ऐकलं गेलं. त्यामुळे ती तुझ्या नावाने आलेली चिठ्ठी होती असं मी म्हणणार नाही. पण देवळात एवढी माणसं बसलेली असताना ते तुला लागलं, आणि इतक्या दिवसांनी अजून बोचतं आहे, हे खरं आहे. तपासायचं ते हेच. आणखी खूण मागू नकोस. खुणा मागणारं मन दमतं, आणि दमलेल्या मनाला मग प्रत्येक गोष्ट खूण वाटू लागते.

त्या गोष्टीतली एक बाब मात्र नीट वाच. शमुवेलाला हाक ऐकू आली तरी ती कोणाची हे त्याला कळलं नाही. तीन वेळा तो मंदिरातल्या याजकाकडे, एलीकडेच धावला. ओळखलं ते एलीने, म्हाताऱ्या, डोळे अधू झालेल्या माणसाने. शमुवेल खोलीत एकटा बसून "ही हाक खरी की खोटी" असा विचार करत राहिला असता तर सकाळ झाली असती. तुला आधी एली हवा आहे: अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक, फादर किंवा सिस्टर किंवा या कामात मुरलेली प्रापंचिक व्यक्ती. शक्यतो तुला ज्या संस्थेचं आकर्षण आहे तिथली नको, म्हणजे तिला तुझ्या निर्णयात काही मिळवायचं नसेल. पुण्यात राहतेस हे बरं आहे, धर्मगुरूंच्या शिक्षणाचं ते मोठं केंद्र असल्याने मार्गदर्शन देणारी माणसं तिथे सापडतात. मुंबईला येणं जमलं तर बांद्र्याला येशूसंघीयांचं, म्हणजे जेझुइट फादरांचं, रिट्रीट हाऊस आहे. महिन्यातून एक तास पुरतो, पण तो तास चुकवायचा नाही.

मार्गदर्शकाशी काय बोलायचं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या कामाचा गाभा हाच आहे.

१५२१मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून संत इग्नेशियस, पुढे येशूसंघाचा संस्थापक झाला तो, लोयोला इथल्या आपल्या घरी अंथरुणावर पडला होता. त्याला शौर्याच्या कथा वाचायच्या होत्या, पण घरात ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा एवढंच होतं. तो कधी एका सरदार घराण्यातल्या स्त्रीची, पराक्रमाची स्वप्नं पाहायचा, कधी संतांसारखं जगावं असं मनात आणायचा. दोन्ही विचार करताना त्याला आनंदच व्हायचा. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं, असमाधानी. दुसरं संपल्यावरही मन प्रसन्न राहायचं. एके दिवशी हा फरक त्याच्या लक्षात आला, आणि पुढे मनातल्या प्रेरणा पारखण्याचे त्याचे नियम याच निरीक्षणातून सुरू झाले.

म्हणून मी मुलींना सांगते, विचार करताना काय वाटलं ते फारसं महत्त्वाचं नाही. विचार निघून गेल्यावर मागे काय उरलं ते लिही. एक साधी वही घे. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं. आज सिस्टर होण्याचा विचार कधी आला, त्या आधी काय घडलं होतं, आणि तो गेल्यावर मन कसं होतं, मोकळं की आवळलेलं? तेच लग्नाच्या विचाराबद्दलही लिही, तेवढ्याच प्रामाणिकपणे. मम्मीने स्थळाचा फोटो पाठवला तेव्हा नुसता राग आला की आत कुठे हुरहुर वाटली? मैत्रिणीचं बाळ मांडीवर घेतलं तेव्हा काय झालं? तीन महिने लिही आणि तोपर्यंत मागची पानं उलटू नकोस. मग ती वही मार्गदर्शकासमोर ठेव.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वहीत चार महिन्यांनी एक गोष्ट ठळक दिसली. कॉन्व्हेंटचा विचार तिला ऑफिसात बॉसने झापल्यावरच यायचा. सुट्टीच्या दिवशी, घरी आनंदात असताना कधीच नाही. तिने नोकरी बदलली. आज ती आपल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, लहान मुलांना धर्मशिक्षण देते आणि सुखात आहे. दुसऱ्या एकीच्या वहीत उलट होतं. मन आनंदी असलं, भावाच्या लग्नात नाचून आली, की त्या रात्री प्रार्थनेत ती ओढ जास्त स्वच्छ जाणवायची. ती आज माझ्याच संस्थेत आहे. जी ओढ फक्त दुःखात येते तिच्याबद्दल मी सावध असते. जी आनंदातही टिकते तिच्याकडे मी कान देते.

यावरूनच तुझ्या तुटलेल्या नात्याकडे येते. त्यामुळे पाचारण खोटं ठरत नाही. देव मोडलेल्या मनाशीही बोलतो. पण इग्नेशियसचाच एक नियम आहे: मन विषण्ण असताना आधी केलेले संकल्प बदलू नयेत. त्या काळात नवा मोठा निर्णयही घेऊ नये, ही त्याला जोडून माझी सवय आहे. जखम ओली असताना कॉन्व्हेंट हे सुरक्षित घर वाटतं. तसं ते नाही. तिथे तुझ्याबरोबर तुझी जखमही येते, आणि तिथे ती लपवायला जागा कमी असते. माझा आग्रह आहे की नातं तुटल्यापासून किमान एक वर्ष प्रवेशाचा निर्णय घेऊ नकोस. वही, प्रार्थना, मार्गदर्शक, कॉन्व्हेंटच्या भेटी हे सगळं चालू ठेव. फक्त बॅग भरू नकोस. पाचारण खरं असेल तर ते एका वर्षाने शिळं होणार नाही.

आणि हो, तुला लग्न करावंसं वाटतं, मुलं हवीशी वाटतात, याचा अर्थ पाचारण नाही असा नाही. ब्रह्मचर्याचं व्रत हे प्रेमाचं व्रत आहे. "मला पुरुष आवडतच नाहीत, संसार नकोच" असं म्हणत आलेल्या मुलीची मला जास्त काळजी वाटते. जे आपल्याला प्रिय आहे तेच अर्पण करता येतं.

अपराधी भावनेबद्दलही बोलायला हवं. तू स्पष्ट लिहिलं नाहीस, पण "देवाला नाही म्हटलं तर?" ही भीती तुझ्या शब्दांमागे मला ऐकू येते. माझ्याकडे एकदा एक मुलगी आली होती. ती लहानपणी आजारी असताना तिच्या आईने बांद्र्याच्या मोत माऊलीला नवस केला होता, ही जगली तर तुझी सेवा करील. मुलगी ते ओझं घेऊन वीस वर्षं जगली होती. मी तिला कॅनन लॉमधलं एक वाक्य दाखवलं: नवस ज्याने केला त्यालाच बांधतो, दुसऱ्या कोणाला नाही. ती खूप वेळ रडली. ती सिस्टर झाली नाही आणि व्हायलाही नको होतं. व्रतस्थ जीवन हा ख्रिस्ताचा सल्ला आहे, ती आज्ञा नाही. त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट आठव. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रेम केलं, मग बोलावलं. तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने त्याला शाप दिला नाही. भीतीने किंवा दबावाखाली कोणी नोव्हिशिएटमध्ये आलं तर कायद्याने तो प्रवेशच अवैध ठरतो. म्हणून कोणी तुला घाई केली, घरी सांगू नकोस म्हटलं, नाही म्हणणं पाप आहे म्हटलं, तर ती व्यक्ती कितीही पवित्र दिसो, तिच्यापासून दूर हो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही. उदाहरणार्थ, कर्ज किती राहिलं आहे आणि घर तुझ्या पगारावर किती चालतं. फेडता येणार नाही असं कर्ज डोक्यावर असलेल्या व्यक्तीला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये असा कायदा आहे. व्रतं घेतल्यावर सिस्टर जे कमावते ते तिचं राहत नाही, संस्थेचं होतं. भावाची फी तू तिथून पाठवू शकणार नाहीस. त्यामुळे आज हातात असलेली नोकरी ही पाचारणाच्या आड येणारी गोष्ट समजू नकोस. कर्ज फेडणं, भावाचं शिक्षण पार पाडणं, हीच आत्ता तुझी तयारी असू शकते. वर्षभर थांब असं मी म्हटलं, त्या वर्षाचा असाही उपयोग होतो. तब्येतीचंही तसंच आहे. बहुतेक संस्था वैद्यकीय तपासणी करतात, अनेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणीही असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण जुनं दुखणं किंवा नैराश्याचा काळ लपवू नकोस. सांगितलेल्या आजाराशी संस्था जुळवून घेऊ शकते. लपवलेला आजार नंतर विश्वासच तोडतो.

घरच्यांना काय सांगायचं? खरं ते, आणि जेवढं खरं आहे तेवढंच. "मी सिस्टर होणार" असं आज म्हणू नकोस, कारण ते अजून खरं नाही. "मला असं वाटतंय, मी ते तपासते आहे, वर्षभर कुठेही जात नाही, पण या वर्षात स्थळं बघू नका," एवढं सांग. जिथे मन नाही तिथे एखाद्या मुलाला चहापोह्यांना बोलावणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. मम्मी रडेल. आपल्याकडे लेक लग्न करून गेली तरी मे महिन्यात माहेरी येते, सणावाराला येते. सिस्टर झालेली लेक कधी येईल ते आईच्या हातात नसतं. तिचं रडणं म्हणजे अविश्वास नव्हे, ते आईपण आहे. माझे वडील माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. नोव्हिशिएटला भेटायला आले तेव्हा मी अंगणात धुणं वाळत घालत होते. थोडा वेळ उभे राहून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बरी दिसतेस." तेवढ्यावर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आईवडिलांना शब्दांनी पटत नाही, मुलगी सुखात आहे हे डोळ्यांनी दिसावं लागतं. त्यांनाही वेळ लागणार हे धरून चाल.

आता कोणती संस्था. तू नाव लिहिलं नाहीस, म्हणजे बहुधा 'सिस्टर' एवढंच चित्र डोळ्यांसमोर आहे. त्यात फार फरक असतो. काही संस्था शाळा-दवाखाने चालवतात, काही आदिवासी पाड्यांवर आणि वस्त्यांत राहतात. मिशनरीज ऑफ चॅरिटी नेहमीच्या तीन व्रतांवर चौथं घेतात, गरिबांतल्या गरिबांची विनामोबदला सेवा. कार्मेलाइटसारख्या मठवासी भगिनी विशेष कारणाशिवाय मठ सोडत नाहीत, प्रार्थना हेच त्यांचं काम. शिवाय कॉन्व्हेंटमध्ये न राहता, नोकरी करत, बिशपांच्या हातून कौमार्य अर्पण करणाऱ्या स्त्रियाही आहेत. तुला एक ठिकाण जुळलं नाही म्हणजे पाचारण नाही असं समजू नकोस.

तू वसईची आहेस म्हणून संत गोन्सालो गार्सियाची आठवण करून देते. त्याचं नाव आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचं पाचारण किती वळणं घेत गेलं ते क्वचितच कोणी सांगतं. तो येशूसंघीयांच्या हाताखाली वाढला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, आठेक वर्षं त्यांच्यासाठी धर्मशिक्षक म्हणून राबला. त्यांच्या संघात जायची त्याची इच्छा होती. त्याला घेतलं गेलं नाही. तो बाहेर पडला, व्यापारी झाला, व्यापार चांगला चालला. आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. फादर कधीच झाला नाही, शेवटपर्यंत बंधूच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला तो क्रुसावर गेला आणि १८६२मध्ये संत घोषित झाला. एका दाराने त्याला नाही म्हटलं, तरी हाक खोटी नव्हती. दार दुसरं होतं.

मग सुरुवात कुठून करायची? रोज अर्धा तास शांत प्रार्थना, रविवारखेरीज आठवड्यात जमेल तेव्हा मिस्सा, नियमित प्रायश्चित्त संस्कार (कन्फेशन), ती वही, आणि मार्गदर्शक. याबरोबर दोन-तीन संस्थांच्या सिस्टरांना फोन कर आणि शनिवार-रविवार राहायला येऊ का विचार. बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतील. राहायला गेलीस की प्रार्थनेच्या खोलीवरून मत बनवू नकोस, तिथे सगळेच चांगले दिसतात. जेवणाच्या टेबलावर कोण हसतं ते बघ. भांडी कोण घासतं, कॉन्व्हेंटची प्रमुख, म्हणजे सुपिरियर, घासते का? म्हाताऱ्या, आजारी सिस्टरांच्या खोलीत दिवसातून कोण किती वेळा डोकावतं? दोघींचं बिनसलं तर त्या काय करतात, असं एखाद्या तरुण सिस्टरला विचार. गेल्या काही वर्षांत किती जणी सोडून गेल्या आणि का, हेही विचार. चांगली सुपिरियर याचं उत्तर मोकळेपणाने देते. माझ्याकडच्या नोव्हिसपैकी ज्या परत गेल्या त्यांपैकी बऱ्याच जणी आजही मला भेटायला येतात, कोणी नवऱ्यामुलांसह येतात. त्यांनी वर्षं वाया घालवली असं त्या मानत नाहीत आणि मीही मानत नाही. त्यांनी विचारलं आणि त्यांना उत्तर मिळालं.

एक गोष्ट राहिली. त्या रविवारी तुला शमुवेल लक्षात राहिला, पण त्याच मिस्साचं शुभवर्तमान बहुधा निसटलं. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे दोन शिष्य येशूच्या मागे चालू लागतात. तो वळून विचारतो, तुम्ही काय शोधता? ते धड उत्तर देत नाहीत, उलट विचारतात, गुरुजी, आपण कुठे राहता? आणि तो म्हणतो, या म्हणजे पाहाल. ते गेले, त्याचं घर पाहिलं आणि त्या दिवशी त्याच्याकडे राहिले. संध्याकाळचे चारेक वाजले होते असं शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो. एवढंच, एक दिवस. तूही एका शनिवारी जा, आणि परत आलीस की वहीत काय लिहिलंस ते मला कळव.